दोनशे चेस्टनट लावण्याआधी वेचणीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ६१, नोकरी पुढच्या वर्षी संपतेय. थंड प्रदेशात, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथे दोन एकर उताराची जमीन हाताशी आहे. निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून त्यात २०० चेस्टनट, म्हणजे काटेरी बोंडात येणाऱ्या, भाजून खायच्या फळाची झाडं, लावायची आहेत. कलमं घ्यावीत की बियांची रोपं, जमीन कशी लागते, असे चार-पाच प्रश्न आहेत आणि शेवटी एक ओळ: "फळ दिसेपर्यंत मी असेन का, एवढं खरं सांगा."

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. वयाच्या हिशेबानं बघितलं तर फळ नक्की दिसेल. चांगल्या कलमावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूठभर फळं लागतात. बियांपासून वाढवलेलं चिनी जातीचं झाड साधारण पाचव्या ते आठव्या वर्षी धरायला लागतं, युरोपीय जातीला बहुतेक वेळा आणखी थांबावं लागतं. सांगण्यासारखं उत्पन्न म्हणाल तर दहा वर्षं धरा. म्हणजे तुम्ही सत्तरीत याल तेव्हा झाडं ऐन भरात येऊ लागतील.

आणि खरी अडचण नेमकी तिथेच आहे. झाडाच्या उमेदीची वर्षं आणि तुमच्या कमरेची वर्षं उलट दिशेनं चालतात. मी पहिली रोपं ५२व्या वर्षी लावली, आज मी ७१ आहे. या १९ वर्षांत "फळ कधी येणार" या प्रश्नानं मला फार तर चार वर्षं छळलं. "आलेलं फळ कोण उचलणार" हा प्रश्न मात्र दर शरदात दारात उभा असतो.

चेस्टनट झाडावरून तोडायचा नसतो. तो पिकला की काटेरी बोंड उकलतं आणि फळं जमिनीवर पडतात. हा सडा तीन-चार आठवडे चालतो. तो रोज, निदान एक दिवसाआड, वेचावाच लागतो. ओल्या जमिनीवर तीन दिवस पडून राहिलेल्या फळाला बुरशी धरते, उन्हात राहिलं तर ते सुकतं, आणि या दोन्हींतून वाचलेलं उंदीर, खारी, हरणं नेतात.

आता हिशेब करा. दोन एकरात पूर्ण वाढलेली झाडं दहा-दहा मीटरवर साधारण ८० मावतात. तुमची २०० ही सुरुवातीची संख्या झाली, बाराव्या-पंधराव्या वर्षी फांद्या एकमेकींत शिरल्या की निम्म्याहून जास्त काढावीच लागतात. तर ८० झाडं, झाडामागे मध्यम अंदाजानं २० किलो, म्हणजे १६०० किलो. बोंडं उलगडणं, किडकी फळं बाजूला टाकणं हे सगळं धरून माझा वेग ताशी आठ किलो आहे. म्हणजे २०० तास. पंचवीस दिवसांवर वाटले तर रोज आठ तास, वाकून. ज्या नोकरीतून सुटलात तिचेच तास, फक्त खुर्ची नाही.

"मग जेवढं झेपेल तेवढं वेचू, बाकी मातीला" असं मीही एका वर्षी म्हटलं होतं. सोंडकिडा असेल तिथे ते चालत नाही. त्याची मादी बोंडातून सोंड घालून फळात अंडी घालते, आतली अळी गर खाते, फळ खाली पडलं की गोल भोक पाडून बाहेर येते आणि मातीत शिरते. न वेचलेलं प्रत्येक फळ म्हणजे पुढच्या हंगामाचं भुंग्यांचं बियाणं. मी तो एक शरद गुडघ्याच्या दुखण्यानं घरात काढला, आणि नंतरच्या दोन हंगामांत टोपलीतलं जवळपास तिसरं फळ भोकाचं होतं.

म्हणून माझा सल्ला उलट्या बाजूनं सुरू होतो. जमीन किती आहे हे आधी मोजू नका. पंच्याहत्तरीत तुम्ही आणि घरातलं आणखी एक माणूस मिळून रोज किती तास वाकाल ते ठरवा. तीन तास म्हणालात, तर पंचवीस दिवसांत ७५ तास, ६०० किलो, म्हणजे ३० झाडं. मग ४५ लावा, त्यातली ३० ठेवा. माझ्याकडे आज ४१ झाडं आहेत, सरासरी ७०० किलो निघतात, आणि आम्हा दोघांत मिळून रोज साडेतीन तास जातात. यापुढे मी एकही वाढवणार नाही. उलट दोन झाडांवर माझी नजर आहे.

उरलेल्या जमिनीचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी जमिनीबद्दल, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

चेस्टनटला थोडी आम्लधर्मी जमीन लागते, सामू (pH) साडेपाच ते साडेसहा. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि झाड बसून राहतं. अशा जमिनीत खतं ओतून निसर्गाशी भांडू नका, दुसरं झाड निवडा. पण सामूपेक्षाही निचरा मोठा. पाणी साचलं की मातीतली फायटोफ्थोरा ही मुळं कुजवणारी, बुरशीसारखी कीड मुळांवर येते. हिच्या रोगाला युरोपात 'शाईचा रोग' म्हणतात, कारण कुजलेल्या मुळांतून आणि बुंध्यातून काळसर द्रव झिरपतो. मी सुरुवातीला ९० रोपं लावली होती. त्यातली २२ उताराच्या तळाशी, जिथे माती सगळ्यात काळी आणि जाड होती. माती चांगली म्हणून मुद्दाम तिथे लावली होती. दुसऱ्या पावसाळी वसंतानंतर पानं आखडली, तिसऱ्या वर्षी एकेक उपटून पाहिलं तर मुळाची साल हातात मोज्यासारखी निघून येत होती. सगळी २२ गेली. त्या जागी नांग्या भरायचा मूर्खपणाही मी केला, तीही गेली. रोग मातीतच होता.

तुमची जमीन उताराची आहे ही जमेची बाजू. तरीही वर, मध्ये आणि तळाशी असे तीन खड्डे घ्या, दोन फूट खोल. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. पाणी उरलं असेल तिथे चेस्टनट नाही. काठावरचा मामला असेल तर दीड फूट उंचीचा वरंबा करून त्यावर लावता येतो, पण मी निवृत्तीच्या माणसाला हे सुचवत नाही. वरंब्यावरच्या झाडाला उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं.

आता कोणतं झाड. आधी एक घोळ मिटवते, कारण मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. आणि हॉर्स चेस्टनट हे रस्त्याकडेला दिसणारं झाडही वेगळं, त्याची फळं विषारी असतात. त्याचं पान पंज्यासारखं पाच-सात पर्णिकांचं असतं. आपल्या चेस्टनटचं पान एकटं, लांब, कडेला करवतीसारखं. खायच्या फळाला टोक असतं आणि टोकावर वाळक्या केसांची शेंडी. हॉर्स चेस्टनट गोल गुळगुळीत.

खायच्या चेस्टनटच्या चार मोठ्या जाती: युरोपीय, चिनी, जपानी आणि अमेरिकन. निवड ठरते ती करप्यावरून, म्हणजे सालीवर येणाऱ्या एका बुरशीच्या रोगावरून. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या प्राणिसंग्रहालयात झाडांच्या सालीवर एक नारिंगी बुरशी पहिल्यांदा नजरेस आली. पुढच्या पन्नासेक वर्षांत तिनं अमेरिकन चेस्टनटची काही अब्ज झाडं संपवली. ती आशियातून आलेली होती, म्हणून चिनी आणि जपानी जाती तिच्यासोबत राहायला शिकलेल्या आहेत, अमेरिकन नाही. युरोपीय जातही तिला बळी पडते. मात्र युरोपात या बुरशीलाच आजारी पाडणारा एक विषाणू पसरला, त्यानं तिथली पुष्कळ झाडं तगली. तेव्हा तुमच्या भागात करपा असेल तर चिनी जात किंवा तिचे संकर घ्या. नसेल तर युरोपीय वाणांचाही विचार करा. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, तुमच्या भागातल्या रोपवाटिकेत आणि कृषी खात्यात विचारूनच ठरवा. परदेशातून येताना पिशवीत बी किंवा कलमकाडी मात्र कधीही आणू नका. करपा समुद्र ओलांडून गेला तो आजारी रोपांबरोबरच.

कलम की बियांची रोपं? कलम लवकर धरतं, फळ कसं येणार हे आधी माहीत असतं. पण चेस्टनटचं कलम लहरी. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) आणि कलमाचं पटलं नाही तर पाच-सहा वर्षांनी, चांगलं वाढलेलं झाड जोडावरून मोडतं किंवा थंडीत जोड मरतो. बियांची रोपं काटक आणि स्वस्त, पण प्रत्येकाची फळं वेगळी. मी आज पुन्हा सुरुवात केली तर दहा कलमं लावीन, लवकर चव मिळावी म्हणून, आणि बाकी सगळी चांगल्या आईच्या बियांची रोपं. त्यांतली वाईट निघणारी पुढे विरळणीत जातात, ४५ लावून ३० ठेवायचा दुसरा फायदा हा.

परागीकरणावर जरा जास्त लिहिते, कारण यात मी पाच वर्षं घालवली. चेस्टनट स्वतःच्या परागानं जवळजवळ धरत नाही. एकाच वाणाची चाळीस कलमं म्हणजे परागाच्या दृष्टीनं एकच झाड. माझी पहिली कलमं सगळी एकाच वाणाची होती. रोपवाटिकेनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचव्या वर्षी झाडं बोंडांनी लगडली. मी हातमोजे घालून पहिलं बोंड उलगडलं. आत तीन फळांची जागा असते, तिथे तीन तपकिरी टरफलं होती, चमच्यासारखी चपटी, मध्ये काहीच नाही. दुसरं तसंच. शंभरेक बोंडं फोडली तेव्हा मोजून सात भरलेली फळं निघाली, तीही कुंपणापलीकडच्या एका जुन्या झाडाच्या कृपेनं.

म्हणून निदान दोन, खरं तर तीन वेगवेगळे वाण, एकाच सुमारास फुलणारे, एकमेकांपासून तीसेक मीटरच्या आत. पराग वारा नेतो आणि किडेही नेतात. काही वाणांचे तुरे दिसायला झकास पण परागाला नापीक असतात, 'बूश द बेतिझाक' हा फ्रेंच वाण त्यातला, त्याला जोडीदार लागतोच. आणखी एक पेच आहे. युरोपीय-जपानी संकरांवर, उदाहरणार्थ 'कोलोसल'वर, चिनी झाडाचा पराग पडला तर फळ बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत गर तपकिरी होऊन विरघळतो. हे दोन गट शेजारी लावू नका. बियांची रोपं एकाच गटातली लावलीत तर हा सगळा ताप वाचतो, कारण प्रत्येक रोप वेगळं असल्यानं ती एकमेकांना पराग देतातच. फुलोऱ्याचा वास मात्र सगळ्यांना सोसत नाही, झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ झाड लावू नये एवढं मी अनुभवानं सांगते.

बी स्वतः रुजवणार असाल तर एक सवय विसरावी लागेल. बी म्हणजे उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरायचं, हे आपल्या हाडात आहे. चेस्टनटचं बी वाळलं की मेलं. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, शेंगदाण्यासारखं तेल नाही. पहिल्या वर्षी मी दोन किलो निवडक बी चादरीवर पसरून छान वाळवलं आणि वसंतात पेरलं. एकही उगवलं नाही. आता पडल्या पडल्या वेचते, पाण्यात टाकते, तरंगलेली फेकते, बुडालेली ओलसर पीट किंवा भुशात घालून भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजमध्ये शून्य ते चार अंशांवर तीन महिने ठेवते. फेब्रुवारीत पिशवी उघडली की पांढरं मूळ टोकाजवळून डोकावत असतं. ते तुटू न देता उंच, अरुंद कुंडीत आडवं ठेवायचं, वर बोटाच्या दोन पेरांएवढी माती. शेतात थेट पेरलंत तर उंदरांना मेजवानी.

लावणी साधी आहे. झाड सुप्त असताना लावायचं, रोपवाटिकेत जेवढं खोल होतं तेवढंच खोल, खड्ड्यात खत नाही. पहिली तीन वर्षं बुंध्याभोवती मीटरभर घेरात तण दिसता कामा नये. गवतात वाढलेलं आणि खुरपलेलं रोप शेजारी उभं करा, तिसऱ्या वर्षी बाप-लेकाएवढा फरक दिसतो. आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका, तिथे उंदीर घर करून साल कुरतडतात. जाळी हवीच. हरीण एका रात्रीत वर्षभराची वाढ खातं. उन्हाळ्यात पहिली दोन-तीन वर्षं आठवड्याला बादलीभर पाणी.

छाटणीबद्दल फक्त इतकंच: खालच्या फांद्या हळूहळू काढा, कोरड्या दिवशी, कारण करपा जखमेतून शिरतो.

आता वेचणीची तयारी. फळं पडू लागण्याआधी झाडाखालचं गवत बुटकं कापून ठेवा, नाहीतर फळ दिसतच नाही. साधे बागेचे हातमोजे बोंडाच्या काट्यांपुढे कागद ठरतात, जाड चामड्याचे घ्या. बोंड बुटांच्या कडेनं दोन्ही बाजूंनी दाबायचं, ते आपोआप उकलतं, हात लावायची गरज कमीच पडते. लांब दांड्याला तारांचा फिरता पिंजरा बसवलेलं एक वेचणी-यंत्र मिळतं. मी ते ६५व्या वर्षापर्यंत घेतलं नाही, उगाच हट्ट. कमरेचा निम्मा ताण त्यानं गेला.

वेचलेली फळं त्याच दिवशी पाण्यातून काढायची, तरंगणारी वेगळी. किडीचा संशय असेल तर ५० अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवून मग गार पाण्यात, ही युरोपात रुळलेली रीत आहे. अळ्या आतल्या आत मरतात, फळ शिजत नाही. थर्मामीटर हवाच, अंदाजानं करू नका. पेरायच्या बियांना मी हे करत नाही. मग वरचं पाणी सुकवून थेट गारव्यात, शून्याच्या जरा वर. घरी खायची फळं मात्र तीन-चार दिवस बाहेर ठेवा, पिठाची साखर होते. पडल्या दिवशीचं आणि पाचव्या दिवशीचं फळ शेजारी खाऊन बघा. आणि भाजताना टरफलाला चीर द्यायला विसरू नका, न चिरलेलं फळ फटाक्यासारखं फुटतं.

राहिली ती उरलेली जमीन. ३० झाडं फळांसाठी ठेवलीत तर तुमच्याकडे एकराहून जास्त जागा उरते. तिथेही चेस्टनटच लावा, पण लाकडासाठी, दाट. चेस्टनट बुंध्याशी कापला की उसाच्या खोडव्यासारखा पुन्हा फुटतो. दोन-तीन वर्षांच्या फुटव्यांच्या हातात धरायच्या काठ्या होतात (आपल्या वयाला साजेसं उत्पादन), बारा ते वीस वर्षांचे सोट कुंपणाच्या खांबांना उत्तम. लाकडात टॅनिन हे कुजणं रोखणारं द्रव्य भरपूर, त्यामुळे रंग-रोगण न देताही ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. इंग्लंडच्या केंट आणि ससेक्स भागात याच पद्धतीनं जोपासलेली रानं आजही आहेत. निवृत्त माणसाच्या दृष्टीनं यातली मोठी गोष्ट म्हणजे ही कापणी हिवाळ्यातली, आणि या वर्षी तब्येत बरी नसेल तर पुढच्या वर्षी करता येते. सोट वर्षभर थांबतात. फळं दोन दिवसही थांबत नाहीत.

घरच्यांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. शरदातला तो महिना तुम्हाला कुठेही जाता येणार नाही. लग्न असो, नातवंडाचं बारसं असो. आमच्याकडे यावरून दोनदा रुसवेफुगवे झाले आहेत. मुलांना यात रस आहे का, हेही विचारा, पण "नाही" म्हणाले तर खट्टू होऊ नका. ३० झाडं वाढवलेली जागा दुसरं कोणी आनंदानं सांभाळायला घेतं, २०० झाडांची कोणी घेत नाही.

तेव्हा रोपांची मागणी अजून नोंदवू नका. आधी ते तीन खड्डे खणा, मातीचा सामू काढा, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या खड्ड्यात किती पाणी उरलं ते मला कळवा. वाण त्यानंतर ठरवू.